विद्यापीठात शैक्षणिक बदल घडवताना नेतृत्वाने नेमके काय करायचे असते?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: राष्ट्रीय शैक्षणिक धोरण दिल्लीत ठरले, श्रेयांकांची (क्रेडिटची) चौकट मंत्रालयातून आली, अभ्यासक्रम विद्यापीठाने मंजूर केला, मग संलग्न महाविद्यालयातील विभागप्रमुखाने आणि विषयाचा अभ्यासक्रम आखणाऱ्या अभ्यास मंडळावर नुकत्याच आलेल्या सदस्याने नेतृत्व करायचे म्हणजे काय करायचे? कुलगुरू खमके असले आणि बाकीच्यांनी नेमून दिलेले काम चोख केले, तर तेवढे पुरत नाही का? विभागप्रमुख, अभ्यास मंडळाचा अध्यक्ष आणि पुढे अधिष्ठाता (विद्याशाखेचा प्रमुख, म्हणजे डीन) अशा तिन्ही जागांवरून मी अभ्यासक्रमातील बदल पाहिले आणि राबवले आहेत, म्हणून उत्तर जरा विस्ताराने देतो.

माझे म्हणणे आधीच सांगून ठेवतो. कोणत्याही शैक्षणिक बदलाची किंमत कोणाला ना कोणाला मोजावी लागते. कोणाचे तास कमी होतात, कोणाला आयुष्यात कधी न शिकवलेला विषय हाती घ्यावा लागतो, परीक्षा विभागाचे काम अंगावर येते, आणि जुन्या अभ्यासक्रमात अडकलेला विद्यार्थी खिडकीपाशी ताटकळतो. ही किंमत कोण, केव्हा आणि किती मोजणार हे बदल जाहीर होण्यापूर्वी ठरवणे, संबंधितांना ते समोर बसवून सांगणे आणि त्यांचा भार शक्य तितका हलका करणे, हे मला नेतृत्वाचे मुख्य काम वाटते. दूरदृष्टीचे मोल मी कमी लेखत नाही. परंतु गेल्या काही दशकांत आपल्याकडे आलेल्या बहुतेक सुधारणांची दिशा योग्यच होती, आणि तरीही त्यांपैकी कितीतरी कागदावर राहिल्या, याचे कारण हा हिशेब कोणी मांडलाच नाही हे आहे. शिवाय हा हिशेब एकटे कुलगुरू मांडू शकत नाहीत, कारण त्यातले आकडे त्यांच्या दालनात नसतात. ते विभागप्रमुखांच्या, प्राचार्यांच्या आणि परीक्षा विभागातील कक्षाधिकाऱ्यांच्या टेबलावर असतात. आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथेच आहे.

आता प्रत्यक्ष बदलाकडे पाहू. केंद्रीय मंत्रिमंडळाने २९ जुलै २०२० रोजी धोरणाला मान्यता दिली. महाराष्ट्रात एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाने पदवीची रचना निश्चित झाली. ती २०२३-२४ पासून विद्यापीठाच्या विभागांत व स्वायत्त महाविद्यालयांत, तर २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांच्या पदवी वर्गांत सुरू झाली. सत्राला २० ते २२ श्रेयांक, तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ आणि चार वर्षांच्या ऑनर्स पदवीला १६० ते १७६. एक श्रेयांक म्हणजे व्याख्यानाचे १५ किंवा प्रात्यक्षिकाचे ३० तास. मेजर (मुख्य) आणि मायनर (दुय्यम) विषयांच्या जोडीला कौशल्याचे, भाषेचे, मूल्यशिक्षणाचे आणि भारतीय ज्ञान प्रणालीचे अभ्यासक्रम आले, क्षेत्र प्रकल्प आणि प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण आले. खुला वैकल्पिक विषय विद्यार्थ्याने आपल्या विद्याशाखेबाहेरचाच घ्यायचा, अशी अट आली. यातली प्रत्येक गोष्ट शैक्षणिकदृष्ट्या समर्थनीय आहे, आणि वाणिज्याच्या मुलाने भूगोल किंवा साहित्य शिकावे, विज्ञानाच्या मुलीने अर्थशास्त्राची तोंडओळख करून घ्यावी, हे तर मला मनापासून हवे होते.

मात्र शासन निर्णयातली ही एका वाक्याची अट महाविद्यालयात पोचली की तिचे काय होते ते पाहा. तालुक्याच्या ठिकाणच्या अनेक महाविद्यालयांत वाणिज्याचे वर्ग सकाळी लवकर भरून दुपारपूर्वी सुटतात, विज्ञानाचे विद्यार्थी तासिका आटोपून प्रयोगशाळेत अडकतात, आणि कला शाखेचे वेळापत्रक उरलेल्या खोल्यांप्रमाणे बसवलेले असते. वाणिज्याच्या मुलीने खुला विषय म्हणून भूगोल निवडला आणि त्याची तासिका दुपारी दीडला लागली, तर तिला दोनपैकी एक करावे लागते: बाराची एसटी सोडायची किंवा विषय सोडायचा. घरचे लोक काय करायला लावतील हे सांगायला नको. मग कार्यालयातला लिपिक तिला तिच्या वेळात बसणारा कोणतातरी विषय सुचवतो, आणि विद्यार्थ्याला निवडीचे स्वातंत्र्य देणारी सुधारणा प्रवेश अर्जावरच्या एका खुणेपुरती उरते.

यावरचा उपाय वेळापत्रक करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. सर्व शाखांसाठी आठवड्यातून दोन दिवस एकच सामाईक तास राखून ठेवायचा, म्हणजे दोन श्रेयांकांचा खुला विषय पंधरा आठवड्यांत नीट पूर्ण होतो. पण तो तास राखायचा म्हणजे वाणिज्याच्या शिक्षकांनी त्या दोन दिवशी उशिरापर्यंत थांबायचे, प्रात्यक्षिकाच्या एका तुकडीची वेळ हलवायची, आणि त्या तासाला सगळे वर्ग एकाच वेळी भरत असल्यामुळे वाचनालयाचे दालन किंवा सभागृहही वर्गासाठी सोडायचे. वेळापत्रक समितीचा समन्वयक हे ठरवू शकत नाही, कारण त्याच्या शब्दाने ज्येष्ठ सहकाऱ्यांची सोय मोडत नाही. इथे प्राचार्यांनीच बसावे लागते, आणि जिथे ते स्वतः बसले तिथे मी खुले विषय खरोखर खुले झालेले पाहिले आहेत.

याहून खोल आणि कमी बोलला जाणारा प्रश्न कार्यभाराचा आहे. सुधारणेला शिक्षक विरोध करतात, त्यांची मानसिकता बदलत नाही, अशी तक्रार कार्यशाळांमधून नेहमी ऐकू येते आणि ती मला अन्यायकारक वाटते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांप्रमाणे सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास आणि सहयोगी प्राध्यापक व प्राध्यापक यांना १४ तास अध्यापनाचा कार्यभार असावा लागतो. अनुदानित महाविद्यालयातील पद या कार्यभारावर टिकते आणि त्याची तपासणी विभागीय उच्च शिक्षण सहसंचालकांच्या कार्यालयात होते. ज्या विषयाचे तास नव्या रचनेत कमी झाले त्या विषयाच्या शिक्षकाला पहिली भीती वाटते ती अतिरिक्त ठरण्याची, म्हणजे आपले पद जादा ठरण्याची. आणि तासिका तत्त्वावर काम करणाऱ्यांना, ज्यांना आपण सर्वजण सीएचबीचे (‘क्लॉक अवर बेसिस’चे) म्हणून ओळखतो, त्यांना तर पुढच्या जूनमध्ये बोलावणे येईल की नाही हीच चिंता असते. माणसाच्या पोटाशी निगडित प्रश्न अनुत्तरित ठेवून त्याला अध्ययन निष्पत्तींवर, म्हणजे शिकून विद्यार्थ्याला काय यावे यावर, व्याख्यान ऐकवले, तर तो ऐकेल आणि घरी जाईल.

एका महाविद्यालयातील बैठक मी जवळून पाहिली. प्राचार्यबाईंनी पहिल्या वर्षाची नव्हे, पुढच्या तिन्ही वर्षांची कार्यभाराची तालिका विभागवार काढून घेतली होती आणि ती मोठ्या कागदावर छापून प्रत्येकाच्या हातात दिली होती. मंजूर पदे, भरलेली पदे, आजचे तास, दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी होणारे तास, आणि शेवटच्या रकान्यात फरक. मराठी विभागात भरलेले पद एकच होते, बाकीचे काम सीएचबीवर चालत होते, आणि शेवटच्या रकान्यात तूट दिसत होती. विभागप्रमुखांनी विचारले, “मॅडम, मग आमच्या सीएचबीच्या बाईंचं काय?” प्राचार्यबाईंनी उत्तर टाळले नाही. पुढच्या वर्षाची हमी आपण देऊ शकत नाही हे त्यांनी स्पष्ट सांगितले. पण वाणिज्य आणि विज्ञानाच्या मुलांसाठी मराठी विभागाने खुला विषय तयार केला तर त्याचे तास विभागाच्याच खात्यावर येतील, त्यासाठी सामाईक तास राखण्याची जबाबदारी माझी आणि अभ्यासक्रम वेळेत लिहून देण्याची तुमची, असेही सांगितले. विभागाने मुद्रितशोधन आणि संपादन हा विषय तयार केला, आणि गावातल्या छापखान्यातून प्रुफांचे जुने कागद मागवून मुलांच्या हातात दिले. ज्या विभागाने सर्वाधिक विरोध करावा असा अंदाज होता, त्या विभागाने सर्वांत आधी अभ्यासक्रम दिला.

त्या बैठकीत कोणी कोणाला प्रेरित केले नाही. तोटा कोणाचा होणार हे उघडपणे मांडले गेले आणि तो भरून काढण्याचा एक मार्ग, अपुरा का होईना, त्याच बैठकीत पुढे आला. हे काम कुलगुरू करू शकले नसते, कारण त्या महाविद्यालयातील मराठी विभागाची तूट त्यांना दिसणे शक्य नव्हते.

परीक्षेकडे वळतो, कारण विद्यापीठीय सुधारणांची गाडी बहुधा इथेच रुतते. पूर्वी सत्राला मोजक्या विषयांच्या मोठ्या प्रश्नपत्रिका असत. नव्या रचनेत दोन-दोन श्रेयांकांचे छोटे अभ्यासक्रम वाढले, म्हणजे प्राश्निकांची मंडळे, प्रश्नपत्रिका, परीक्षेचे दिवस, गुणांच्या नोंदी हे सारे वाढले. विद्यापरिषदेत, म्हणजे विद्यापीठाच्या सर्वोच्च शैक्षणिक मंडळात, अभ्यासक्रम मंजूर करताना यातील एकाही गोष्टीची चर्चा होत नसेल, तर त्या सभेत नेतृत्व नव्हते असे मी म्हणेन. त्यातही सर्वाधिक दुर्लक्षित राहतो तो समकक्षतेचा तक्ता, म्हणजे जुन्या अभ्यासक्रमातला कोणता विषय नव्यातल्या कोणत्या विषयाच्या बरोबरीचा मानायचा याची यादी. एखादा विद्यार्थी जुन्या अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या सत्रात एका विषयात राहतो, नोकरीला लागतो, दोन वर्षांनी अर्ज भरायला येतो, आणि संगणकात त्याच्या विषयाचा सांकेतिक क्रमांकच सापडत नाही. लिपिक त्याला परीक्षा विभागात पाठवतो, परीक्षा विभाग अभ्यास मंडळाकडे बोट दाखवतो, आणि अभ्यास मंडळाची मुदत संपलेली असते. बदलाची किंमत अशा वेळी तो विद्यार्थी मोजतो, ज्याला बदलाबद्दल कोणी विचारलेही नव्हते. नव्या अभ्यासक्रमाच्या प्रस्तावासोबत समकक्षतेचा तक्ता आणि जुन्या अभ्यासक्रमाच्या शेवटच्या परीक्षेची तारीख जोडलेली नसेल तर तो प्रस्ताव विद्याशाखेच्या सभेत घ्यायचाच नाही, एवढा एक नियम अधिष्ठात्याने कसोशीने पाळला तरी शेकडो मुलांचे हेलपाटे वाचतात.

मुंबई विद्यापीठाचे २०१७ मधले उदाहरण या संदर्भात पुनःपुन्हा अभ्यासावे असे आहे. उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची पद्धत त्या वर्षी सर्व शाखांच्या परीक्षांना एकदम लागू करण्यात आली, तीही परीक्षांचा हंगाम सुरू झालेला असताना. उत्तरपत्रिका १७ लाखांहून अधिक होत्या. त्यांचे स्कॅनिंग, शिक्षकांचे प्रशिक्षण, केंद्रांवरील संगणक आणि जोडणी यांची घडी बसलेली नव्हती. निकाल लांबले. कायद्याप्रमाणे निकाल जास्तीत जास्त ४५ दिवसांत लागायला हवेत. कुलपतींनी, म्हणजे राज्यपालांनी, घालून दिलेली ३१ जुलैची मुदतही टळली, उच्च शिक्षणासाठी बाहेर जाऊ इच्छिणाऱ्या मुलांचे प्रवेश अडचणीत आले, आणि ऑक्टोबरमध्ये तत्कालीन कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. ती पद्धत वाईट नव्हती, हे इथे लक्षात घेतले पाहिजे. उत्तरपत्रिकांची ने-आण वाचते, बेरजेच्या चुका टळतात, तपासणीवर नजर ठेवता येते. पुढे ती पद्धत तिथे रुळलीही. चुकला तो क्रम. आधी एका विद्याशाखेपुरती, मग दोन सत्रांनी पुढची, आणि त्या दरम्यान जुनी पद्धत तयार ठेवून, असा मार्ग घेतला असता तर तीच सुधारणा कौतुकाचा विषय झाली असती. बदलाचा वेग ठरवणे हे प्रशासकीय काम नाही, ते नेतृत्वाचे काम आहे, आणि ‘यंदा नाही, पुढच्या वर्षी’ असे म्हणायला अनेकदा जाहीर घोषणेपेक्षा जास्त धैर्य लागते.

घाईचा दुसरा दाखला दिल्ली विद्यापीठाचा. तिथे चार वर्षांच्या पदवी अभ्यासक्रमाला डिसेंबर २०१२ मध्ये विद्यापरिषदेने मंजुरी दिली आणि जुलै २०१३ मध्ये पहिली तुकडी बसली. ११ पायाभूत अभ्यासक्रम सर्वांना सक्तीचे होते आणि ते पुरेशा तयारीविना आले, असा अनेक शिक्षकांचा आक्षेप होता. जून २०१४ मध्ये, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आदेशानंतर, सारी रचना मागे घ्यावी लागली आणि पहिल्या तुकडीला तीन वर्षांच्या चौकटीत परत बसवावे लागले. त्यात राजकारणही होते, हे खरेच आहे. पण ज्या सुधारणेच्या पाठीशी शिकवणारे लोक उभे नसतात, ती वरून आलेल्या एका पत्रानेही कोसळते. आठ वर्षांनी, २०२२-२३ मध्ये, चार वर्षांची पदवी त्याच विद्यापीठात पुन्हा आली.

आपल्याकडे महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ ने मंजुरीचा एक रीतसर मार्ग आखला आहे: अभ्यास मंडळ, विद्याशाखा, विद्यापरिषद, आणि पैशाचा वा पदांचा प्रश्न असेल तिथे व्यवस्थापन परिषद. हा मार्ग लांबचा वाटतो, आणि तातडीच्या प्रसंगासाठी कुलगुरूंना कलम १२(७) खाली विशेषाधिकारही दिलेले आहेत. पूर किंवा साथीच्या काळात ते वापरलेच पाहिजेत. परंतु अभ्यासक्रम आणि मूल्यमापनाची पद्धत यांसारख्या गोष्टी वारंवार या कलमाखाली संमत होऊ लागल्या, की अभ्यास मंडळाच्या सदस्यांना आपल्या सभेचा अर्थ कळेनासा होतो. ते येतात, चहा घेतात, सही करतात आणि जातात. सभेत एखाद्या ग्रामीण महाविद्यालयातील विभागप्रमुखाने उठून ‘हा प्रयोग करायला आमच्याकडे उपकरणच नाही’ असे म्हणणे हा त्या प्रक्रियेचा खरा उपयोग आहे. अध्यक्षाने तो आवाज अडथळा मानू नये. पुढे होणारी फजिती त्यामुळे आधीच कळलेली असते.

कुलगुरू खमके असले तर पुरत नाही का, या आपल्या उपप्रश्नाला माझे उत्तर असे की, कुलगुरू महत्त्वाचे आहेतच, पण त्यांच्या खमकेपणाहून त्यांचे सलग असणे अधिक महत्त्वाचे आहे. आपल्या कायद्यात कुलगुरूंना पाच वर्षांची एकच मुदत मिळते, आणि प्र-कुलगुरू व अधिष्ठाते यांची मुदतही त्यांच्याच मुदतीला बांधलेली आहे. त्यामुळे एका दिवसात विद्यापीठाचे सबंध शैक्षणिक नेतृत्व रिकामे होऊ शकते, आणि तसे झालेले आपण पाहिले आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कुलगुरूंची मुदत मे २०२२ मध्ये आणि मुंबईच्या कुलगुरूंची सप्टेंबर २०२२ मध्ये संपली. निवडीच्या पद्धतीत बदल करणारे विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये मंजूर झाले होते, पुढच्या सरकारने ते मागे घेतले, आणि या घोळात नियुक्त्या रखडल्या. दोन्ही विद्यापीठांना पूर्णवेळ कुलगुरू मिळाले ते जून २०२३ मध्ये. मधल्या काळात पुण्याचा कार्यभार लोणेरेच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाच्या आणि मुंबईचा कार्यभार कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या कुलगुरूंकडे होता, म्हणजे एका माणसाने दोन विद्यापीठे सांभाळायची. आणि २०२३-२४ पासून पदव्युत्तर अभ्यासक्रम नव्या रचनेत सुरू करायचे असल्यामुळे त्यांची मांडणी नेमकी याच महिन्यांत करायची होती. प्रभारी व्यक्ती कितीही कर्तबगार असली तरी पाच वर्षांनंतरचा विचार करून कोणाला दुखावणारा निर्णय ती सहसा घेत नाही, आणि तिने तो घ्यावा अशी अपेक्षाही रास्त नाही. नवे कुलगुरू जुने निवृत्त होण्यापूर्वी निवडले जावेत आणि निदान एखाद-दुसऱ्या अधिष्ठात्याची मुदत कुलगुरूंच्या मुदतीपलीकडे जावी, असे माझे ठाम मत आहे.

सलग नेतृत्वाने काय साधते याचे उदाहरण म्हणून मला डॉ. राम ताकवले यांची आठवण होते. १९७८ ते १९८४ या काळात ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा त्याचे पहिले कुलगुरू झाले आणि त्यानंतर इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचे कुलगुरू. नाशिकला ज्याची बारावी झालेली नाही अशा प्रौढ माणसालाही पूर्वतयारी शिक्षणक्रमातून पदवीकडे जाण्याची वाट ठेवली गेली. शिक्षक समोर नसताना विद्यार्थ्याला एकट्याने वाचता येतील अशी मराठी पुस्तके लिहून घेतली गेली आणि गावोगावच्या महाविद्यालयांत अभ्यासकेंद्रे उभी राहिली. बोधवाक्यातली ज्ञानगंगा घरोघरी पोचवायची तर पुस्तक टपालाने वेळेवर गेले पाहिजे, आणि अभ्यासकेंद्रावरच्या शिक्षकाला आपले काम व्याख्यानाचे नसून शंकासमाधानाचे आहे हे शिकवले पाहिजे, याची त्या रचनेत जाणीव होती. अर्थात नव्या संस्थेत जुने हितसंबंध नसतात, पदे अतिरिक्त ठरण्याची भीती नसते, जुन्या अभ्यासक्रमाचे विद्यार्थी नसतात. चालत्या विद्यापीठात बदल घडवणे याहून कितीतरी कठीण आहे, म्हणून नव्या संस्थांच्या यशकथा जुन्या विद्यापीठांना जशाच्या तशा लावू नयेत. पण मराठीतून सकस वाचनसाहित्य आधी तयार करणे आणि मगच अभ्यासक्रम सुरू करणे, एवढा धडा तरी आजही घेण्यासारखा आहे. नव्या रचनेतील कितीतरी छोट्या विषयांना आज मराठी माध्यमाच्या मुलाने वाचावे असे पुस्तकच नाही, आणि त्याची जागा टिपणांच्या छायाप्रतींनी घेतली आहे.

नेतृत्वाचा आणखी एक भाग असा की, वरच्यांनाही वेळेवर सांगावे लागते. पदभरती रखडलेली असताना नवे विषय वाढवले तर ते कोण शिकवणार, हा प्रश्न विभागप्रमुखाने प्राचार्यांना, प्राचार्यांनी विद्यापीठाला आणि कुलगुरूंनी शासनाला लेखी विचारला पाहिजे, आकड्यांनिशी आणि आदराने. आपल्याकडे अनुपालन अहवालात सर्व काही सुरळीत असल्याचे लिहून पाठवण्याची सवय इतकी अंगवळणी पडली आहे की, शासनाला अडचण कळण्याचा मार्गच उरत नाही. खोटा अहवाल पाठवणारा प्रमुख आपल्या सहकाऱ्यांना वाचवत नाही. तो त्यांचे ओझे अदृश्य करतो.

आता आपल्याविषयी. आपण विभागप्रमुख आहात आणि अभ्यास मंडळाचे सदस्यही आहात, म्हणजे एकाच बदलाची दोन्ही टोके आपल्या हाती आहेत. येत्या सभेपूर्वी आपल्या विषयाच्या चार-पाच महाविद्यालयांतील विभागप्रमुखांना फोन करा, त्यांपैकी निदान दोन महाविद्यालये जिल्ह्याच्या ठिकाणापासून दूरची असू द्या, आणि तीनच गोष्टी विचारा: पुढच्या दोन वर्षांत तास किती कमी-जास्त होतील, कोणता घटक शिकवायला माणूस किंवा साधन नाही, आणि जुन्या अभ्यासक्रमाचे किती विद्यार्थी शिल्लक आहेत. ही उत्तरे एका पानावर मांडून अध्यक्षांना आधी द्या आणि ती सभेच्या कार्यवृत्तात नोंदवण्याचा आग्रह धरा, कारण कार्यवृत्तात नसलेली अडचण विद्यापरिषदेपर्यंत पोचत नाही. आपल्या विभागात मात्र तालिका सर्वांत आधी सीएचबीच्या सहकाऱ्यांसमोर ठेवा. पहिले सत्र संपल्यावर खुल्या विषयाच्या पहिल्या पसंतीचा विषय किती मुलांना मिळाला आणि निकाल किती दिवसांत लागला, हे दोन आकडे काढून पाहा. कार्यशाळांच्या छायाचित्रांपेक्षा आणि प्रमाणपत्रांपेक्षा त्यांतून जास्त कळते. पसंतीचा आकडा कमी निघाला तर अभ्यासक्रमाला हात लावण्यापूर्वी वेळापत्रक तपासा, आणि सामाईक तासासाठी प्राचार्यांकडे एकट्याने न जाता वाणिज्य आणि विज्ञानाच्या विभागप्रमुखांना सोबत घेऊन जा.